जिन्यातला ब्रोकर

तिसऱ्या मजल्यापर्यंत येता येता तिचा जीव मेटाकुटीला आला. कडेवर झोपलेली चिमी, खांद्यावर पिशवी... आणि वरून धडाधड उतरणारा तो.

"लिफ्ट बंद पडली का?"

"चालू आहे. मला भीती वाटते."

"मलाही," तो हसला. "कुठे निघालात?"

"विम्याच्या ब्रोकरकडे. ताईनं पत्ता दिलाय."

"मग मला परत वर चढायला हवं. तो मीच!"

ऑफिसात त्यानं आधी दोन खुर्च्या जोडून चिमीला निजवलं, मग पंखा कमी केला. ती बघतच राहिली.

"एजंटकडे नाही गेलात?"

"फरक काय असतो?"

"एजंट कंपनीचा. ब्रोकर तुमचा..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे—ग्राहकाचा."

ती खुदकन हसली, आणि लगेच दचकली. नवरा एके सकाळी दुचाकीवरून कामाला गेला, तो अपघातानंतर परत आलाच नव्हता. तेव्हापासून चिमी नुसती शिंकली तरी ती रात्रभर जागी राहायची. आपल्यालाच काही झालं तर? हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता. त्याला विचारला.

मग भेटी होत गेल्या. कुठली कंपनी ऐनवेळी हात वर करते, कुठली अट गोड बोलून गळ्यात मारते, सगळं तो समजावायचा. ती ऐकायची, कधी अटी, कधी नुसता आवाज.

"पैसे चिमीला मिळतील," एकदा तो म्हणाला, "पण ती मोठी होईपर्यंत ते सांभाळायला कुणीतरी लागेल. कुणाचं नाव घालू?"

दादा परदेशात, आई थकलेली. "तुमचंच घाला ना," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"पॉलिसी काढून देणाऱ्यानंच पैसे सांभाळायचे, हे बरं दिसत नाही. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही. ताईंचं घालू."

कंपनीनं तिची हृदयाची तपासणी करून घेतली. आणि दोनच दिवसांत त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचा फोन आला. "तुमचं काम आता माझ्याकडे. सरांनी सोडलंय."

पुढचं न ऐकताच तिनं फोन ठेवला. हृदयात काहीतरी सापडलंय! त्याला सांगायचा धीर होत नाहीये! चिमीला उचलून ती धावतच सुटली.

"काय निघालं? खरं सांगा!" ती दारातूनच ओरडली.

तो ताडकन उठला. "काही नाही! ठणठणीत आहात. पॉलिसी मंजूर झाली—बाईंनी सांगितलं नाही?"

"मी ऐकलंच कुठे पुढचं! मग... काम का सोडलंत माझं?"

"तुम्ही घाबरून माझ्याकडे आला होतात. तशात मी काही विचारलं असतं, तर पॉलिसीसाठी तुम्हाला 'नाही' म्हणणं जड गेलं असतं." तो टेबलामागून पुढे आला. "आता खुशाल म्हणा."

"विचारा तर आधी."

"खाली कॉफी घ्यायला याल? तुम्ही, मी, चिमी. आज... आणि जमलं तर रोज."

"अहो, भीतीनं जीव गेला असता माझा! फोन करता येत नव्हता?"

"धीर झाला नाही."

"आणि लोकांना धीर विकता!" तिचे डोळे भरून आले होते. "मला अजून भीती वाटते. कुणी आपलं म्हटलं, की ते जाईल अशी."

"मलाही. भीती जाईल असं नाही सांगत मी. सोबत येईन, एवढंच."

तिनं हळूच मान डोलावली. तो सवयीनं जिन्याकडे वळला.

"आई, आपण लिफ्टनं आलो ना?" चिमीनं विचारलं.

खरंच की! भीतीच्या भरात तिला कळलंही नव्हतं. तिनं लिफ्टचं बटण दाबलं. दार मिटलं, तशी तिनं डोळे घट्ट मिटून त्याची बाही पकडली.

"काका," चिमी खिदळली, "तुम्ही पण डोळे मिटलेत!"

तळमजला आला, दार उघडलं. बाही मात्र सुटली नाही.