लँटर्न ओढ्याचं पाणी कुठं गेलं?

"काठी वर! वर धर, विला, वर!"

आजोबांचा आवाज नदीपलीकडच्या डोंगरावर आपटून परत आला, पण विलाला कुठलं काय ऐकू येतंय. तिच्या गळाच्या दोरीवर तरंगणारा नारिंगी फ्लोट पाण्याखाली गडप झाला होता, काठी पार वाकली होती आणि रीळ करकरत सुटलं होतं. छातीपर्यंतची रबरी विजार घालून ती मांडीभर पाण्यात उभी होती. पाणी इतकं गार की पाय आपलेच आहेत का, अशी शंका यावी.

"फिश ऑन!" काठावरून ओटिस ओरडला. हा तिचा दहा वर्षांचा भाऊ. ओरडायचं काम त्याच्याकडे न सांगताच आलेलं असे.

ते ऐकताच सगळ्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून घेतल्या. या नदीवरची ही रीतच आहे. ज्याला मासा लागला, नदी त्याची.

"पळू दे मासळीला," हार्लन आजोबा शेजारी येऊन म्हणाले. "ती दमेल तेव्हा तू ओढ. ती ओढतेय तेव्हा तू गप्प."

तेवढ्यात मासळी पाण्याबाहेर उसळली. पोलादी पाठ, अंगभर गुलाबी पट्टा, अख्खं शरीर हवेत. पाण्यावर आपटली तेव्हा काठावरच्या रूबेनच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

"बापरे, ही ओटिसपेक्षा मोठी आहे," तोंड पुसत रूबेन म्हणाला. रूबेन विलाच्या वर्गातला. वसंताच्या सुट्टीत त्याला घरी करमत नाही, म्हणून दरवर्षी तो यांच्या तंबूत येतो.

"आणि तुझ्यापेक्षा हुशार," ओटिसने लगेच परतफेड केली.

बऱ्याच झटापटीनंतर ती स्टीलहेड, समुद्रात वाढून नदीत परतणारी मासळी, आजोबांच्या जाळीत आली. आजोबांनी जाळी पाण्यातच ठेवली, हात ओले केले आणि सगळ्यात आधी तिच्या पाठीवर शेपटीजवळ पाहिलं. हॅचरीत, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तिथला बारका पर लहानपणीच कापतात. पर नसला की मासा ताटात. हिचा पर जागच्या जागी होता. म्हणजे ही नदीतच जन्मलेली, हिला सोडून द्यायचं.

"झालं," मागून बॉइडकाका कण्हले. "आज रात्रीसुद्धा बीन्सच."

"बीन्सना नावं ठेवाल तर उद्या तेही नाही मिळणार," व्हर्नाकाकूंनी नवऱ्याला तिथल्या तिथे सुनावलं.

विलाचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. ती माशाच्या शेपटीकडे बघत होती. वरच्या टोकाला अर्धचंद्रासारखा एक तुकडाच गायब होता.

"सीलने चावा घेतलाय," आजोबा म्हणाले. "समुद्रात. त्यातून सुटली, मग धरणं पार केली, शेकडो मैल उपाशीपोटी उलट्या धारेतून चढून इथं आली. कशासाठी? जिथं जन्मली तिथं अंडी घालायला. आता तिला आपण अडवायचं? शोभतं का?"

त्यांनी अलगद गळ सोडवला. विलाने दोन्ही हातांनी तिला धारेत धरून ठेवलं. एक जोरकस झटका बसला आणि हात रिकामे झाले. विलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणी पाहिलं तरी तिला चालणार होतं.

आजोबांबद्दल मात्र सांगायला हवं. त्या काठावर त्यांच्याइतका माशांना जपणारा माणूस नव्हता. माशाला इजा नको म्हणून त्यांचा गळ बिनकाट्याचा असे. मासा पाण्याबाहेर धरून फोटो काढणाऱ्यावर ते असे डोळे वटारत, की तो फोन खिशात घालून पुढच्या वळणाला निघून जाई. रोज सकाळी नदीत गळाची पहिली फेक त्यांची, हा घराण्याचा नियम. तो मोडायची कुणाची टाप नव्हती. पण गुडघे आता कुरकुरायला लागले होते. म्हणून जेवणं झाली की मोठी मंडळी वरच्या अंगाला, झाडीत दडलेल्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसत. दुपारी तिथं पोरांना सक्त मनाई. पोरांची पाळी सकाळची.

"तुम्ही पाणी उडवता," हे बॉइडकाकांचं कारण. खरं कारण असं, की पोरं असली की काका सांगत त्या माशांची लांबी कुणीतरी खोदून खोदून विचारत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी माणसं कुंडावर गेल्यावर तिघं लँटर्न ओढ्याच्या काठाने हिंडत होती. हा ओढा तंबूंशेजारून वाहत येऊन नदीला मिळतो. ओढ्यात गळ टाकायला बंदी, पण बघायला कोण अडवतंय?

"थांबा," विला कुजबुजली. "हलू नका."

उथळ पाण्यात एक मोठी सावली आडवी झाली, शेपटीचे फटके मारू लागली. तळाचे खडे उडत होते. शेपटीच्या टोकाला अर्धचंद्र.

"आपलीच!" ओटिसचा आवाज चिरकला. रूबेनने त्याचं तोंड दाबलं.

ती घरटं खणत होती. फटके मारून खड्डा करायचा, त्यात अंडी, वर पुन्हा खडे. शेजारी एक सडपातळ नर पहारा देत होता. तिघं पोटावर पडून, श्वास रोखून बघत राहिली. रूबेनसुद्धा. आणि रूबेन गप्प बसला, हे त्याच्या आईला सांगितलं असतं तर तिने डॉक्टरकडे नेलं असतं.

थोड्या वेळाने विलाच्या कपाळाला आठी पडली.

"तो दगड मघाशी पाण्याखाली होता."

दगडाचं डोकं आता कोरडं होतं. बघता बघता आणखी दोन दगड उघडे पडले. मासा खोल पाण्याकडे सरकला. संध्याकाळी मात्र ओढा पुन्हा भरला.

"ओढ्याला भरती-ओहोटी?" रूबेन डोकं खाजवत म्हणाला. "समुद्र शेकडो मैल लांब आहे, त्याला कुणीतरी कळवा."

शेकोटीपाशी त्यांनी ही गोष्ट सांगितली. बॉइडकाकांनी एका क्षणात निकाल लावला.

"तो पलीकडचा प्रुएट. एवढी मोठी चकचकीत गाडी आणलीय, तिच्यात न्हाणीघर आहे म्हणे. दुपारभर पंप घरघरतो, ऐकलं नाही? ओढ्याचं पाणी पळवतोय. उद्या बघतो त्याला."

"पाहिल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये, बॉइड," आजोबा गुडघे चोळत म्हणाले. "यंदा डोंगरावर बर्फ कमी पडलाय. ओढा मुळातच बारीक आहे."

सकाळी काका उठायच्या आत तिघं प्रुएटच्या गाडीच्या दारात हजर. प्रुएट हा एकटा राहणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा गृहस्थ. विलाने सरळ विचारलं, "तुम्ही ओढ्यातून पाणी घेता का?"

"मी?" तो गोंधळला. "पाणी मी गावातूनच टाकीत भरून आणतो. ओढ्यात मासे अंडी घालताहेत ना." घरघरणारी वस्तूही त्याने दाखवली. ती वीज बनवायचं यंत्र होतं. त्याला एकही नळी नव्हती.

"काकांचा चोर गेला," बाहेर आल्यावर रूबेन म्हणाला.

"मग पाणी घेतंय कोण?"

दुपारी उत्तर शोधायला सवडच उरली नाही. त्या दिवशी ऊन चांगलं तापलं होतं. मोठी माणसं कुंडावर लवकर गेली, आणि थोड्याच वेळात ओढा झपाट्याने उतरायला लागला. नर वेळीच नदीत निसटला. मादी घरटं सोडेना. सोडलं तेव्हा उशीर झाला होता. ती एका डबक्यात अडकली होती. पुढे खडे, मागे खडे, आणि पाठीवरचा तो बारका पर उन्हात उघडा.

"मरेल ती," ओटिस रडवेला झाला. "उचलून नदीत नेऊ या?"

"नको. घाबरून आपटली तर पोटातली अंडी जातील. आणि खड्ड्यातल्या अंड्यांचं काय? तीही वाळतील." विलाने ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. "पाणीच परत आणायला हवं."

ओटिसला माशापाशी ठेवून ती आणि रूबेन रस्त्याने धावत वरच्या पुलापर्यंत गेली. तिथं ओढा मजेत खळखळत होता. म्हणजे पूल आणि तंबू यांच्यामध्येच पाणी कुठंतरी वळत होतं. पण मध्ये काटेरी झाडीचं रान. आणि त्या रानात ते कुंड, जिथं दुपारी जायचं नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही," रूबेन म्हणाला. "आजोबा असं करणारच नाहीत. तुझे आजोबा? अशक्य."

"मला पण तसंच वाटतंय," विला म्हणाली. "म्हणून तर बघायला हवं. आणि नुसतं जाऊन सांगितलं तर काका आपल्यालाच वेड्यात काढतील. तुझ्या पिशवीत फ्लोट आहेत ना?"

हिवाळ्यात घरी बसून ओटिसने आजोबांच्या नारिंगी फ्लोटवर तोंडं रंगवली होती. एक हसरं, एक रडकं, एक मिशीवालं, ते हुबेहूब बॉइडकाका. विलाने पुलावरून एकेक करून सगळे ओढ्यात सोडले.

"ओटिसपाशी पोचले तर आपलं चुकलं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं चुकावं, अशी तिची मनापासून इच्छा होती.

दोघं पळत खाली आली. ओटिस डबक्याशेजारी बसून टोपीने माशावर सावली धरत होता. समोरच्या झाडावर एक गरुड येऊन बसला होता आणि ओटिस त्याला जमतील तेवढ्या शिव्या देत होता. फ्लोट एकही आला नाही.

इतक्यात वरच्या झाडीतून बॉइडकाकांची गर्जना ऐकू आली. "हे काय? माझ्या तोंडासमोर माझंच तोंड?"

मग मनाई-बिनाई कुणाला आठवते. विला आणि रूबेन पाऊलवाटेने धावत सुटली आणि थेट कुंडापाशी जाऊन थांबली.

टोप्या घातलेली तीन मोठी माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती आणि त्यांच्या मधोमध हसरे, रडके फ्लोट गरागरा फिरत होते. मिशीवाला नेमका काकांच्या हनुवटीला चिकटला होता. व्हर्नाकाकूंना हसू आवरत नव्हतं.

"विला! दुपारी इथं यायचं नाही, किती वेळा सांगितलं?" काका गरजले.

"हे फ्लोट आम्ही वरच्या पुलावरून ओढ्यात सोडले," विला धापा टाकत म्हणाली. "ते खाली ओटिसपाशी जायला हवे होते."

कुंड आणि ओढा यांच्यात दगडांची बुटकी भिंत आहे. पाणी अंगाला चटके देऊ लागलं की भिंतीतले एक-दोन दगड सरकवून ओढ्याचं गार पाणी आत घ्यायचं, उठताना दगड परत लावायचे. इथं येणारा प्रत्येकजण हेच करत आला आहे. पण यंदा ओढा बारीक, पाणी आत येईना. म्हणून काकांनी काल दुपारी चांगले धोंडे आणि एक लाकडी ओंडका ओढ्याच्या पात्रातच आडवा टाकला होता. सगळाच्या सगळा ओढा कुंडात येत होता आणि कुंडातून दुसऱ्या बाजूने परस्पर नदीत पडत होता. काल संध्याकाळी भिंतीचे दगड परत लावले तेव्हाच तो ओंडक्यावरून पुन्हा खाली गेला होता.

"जरासं गार पाणी घेतलं तर काय बिघडलं?" काका पुटपुटले. "पाणी शेवटी नदीतच जातं ना?"

"ती डबक्यात अडकलीय, आजोबा," विला म्हणाली. आता मात्र तिला रडू फुटलं. "आपली. अर्धचंद्रवाली. तिची पाठ उघडी पडलीय."

आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ते तसेच ओल्या चड्डीत कुंडाबाहेर आले, बर्फासारख्या ओढ्यात उतरले आणि ओंडक्याला खांदा लावला. कुरकुरणारे गुडघे, अनवाणी पाय, कशाचंच भान नव्हतं त्यांना. रूबेन आणि विला दोन्ही बाजूंनी भिडली. मग काकाही आले, काकूही आल्या. ओंडका हलला. धोंडे बाजूला झाले आणि अडलेलं पाणी एकदम खाली धावलं.

सगळे त्याच्यामागे पळाले. टॉवेल गुंडाळलेले काका सगळ्यात मागे.

पाणी वळणावरून आलं, खड्यांमधून पसरलं, डबक्यात शिरलं. मासा निपचित पडला होता. कल्ले हळू हळू हलत होते. मग शेपटी एकदा हलली. पुन्हा हलली. ती सरळ झाली, धारेकडे तोंड करून थांबली, आणि सगळ्यांना वाटलं की आता नदीत पळेल. पण ती गेली घरट्यावर. आडवी झाली आणि पुन्हा खडे उडवू लागली.

"अर्धवट काम टाकून जाणारी नाही ती," व्हर्नाकाकू डोळे पुसत म्हणाल्या.

आजोबा थंडीने कुडकुडत होते. विलाने आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकलं.

"बॉइडला गार पाणी आणखी घे म्हणून मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "नदीत माशाला कोरडा हात लावू देत नाही मी कुणाला, आणि इथं गुडघे शेकत बसून तिचं घर वाळवत होतो. तुम्ही तिघांनी आज जे केलं ना, ते मला जन्मात सुचलं नसतं. शाबास पोरांनो."

ओटिसने विचारलं, "गरुडाला हाकललं ते धरून?"

"ते सगळ्यात आधी."

संध्याकाळी बॉइडकाका प्रुएटकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते कुणालाच कळलं नाही. पण परत आले ते प्रुएटला घेऊन, आणि त्याच्या हातात पर कापलेला हॅचरीचा एक ताजा मासा होता. त्या रात्री बीन्सना सुट्टी मिळाली. कुंड गार करायचं तर गार पाणी यापुढे नदीतून बादलीने आणायचं, असं काकूंनी जाहीर केलं. बादल्या कोण वाहणार, हे त्यांनी बॉइडकाकांकडे बघूनच सांगितलं. मिशीवाला फ्लोट कुंडाच्या भिंतीवर कायमचा टांगला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं. सगळे रांगेने काठावर उभे राहिले आणि आजोबांच्या पहिल्या फेकीची वाट बघू लागले. आजोबा पाण्यात उतरले नाहीत. त्यांनी आपली काठी खाली ठेवली.

"विला, हो पुढे."

"मी? पण पहिली फेक तर तुमची असते."

"माझी असायची," आजोबा म्हणाले आणि जाळी घेऊन तिच्या मागे उभे राहिले.