कमलम्मांच्या छातीचा फोटो

"मावशी, ते गळ्यातलं तेवढं काढून ठेवा."

एवढंच तो बोलला, आणि कमलम्मा स्टुलावरून उठून तडक दवाखान्याबाहेर! मे महिन्याचं सोलापूरचं ऊन, डांबर पातळ झालेलं… पण चपला घालायचंही भान त्यांना राहिलं नाही.

त्यांची लेक महानंदा मात्र जागची हलली नाही. समोर उभा होता तो छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे काढणारा तरुण डॉक्टर. उंच, सावळा, आणि आपलं काय चुकलं याचा चेहऱ्यावर मागमूस नाही.

"नाव काय हो तुमचं?"

"रेवणसिद्ध."

"नाव एवढं देवाचं, आणि लिंगायत बाईला इष्टलिंग काढून ठेव म्हणता? जीव गेला तरी ते अंगावरून उतरत नाही आमच्यात!"

त्याचा हात नकळत स्वतःच्या शर्टाकडं गेला. आत त्याच्याही गळ्यात तशीच चांदीची डबी होती.

"चुकलं," तो ओशाळून म्हणाला. "दिवसभर मंगळसूत्रं, ताईत, बोरमाळा… सगळ्यांना तेच सांगतो. जिभेला सवय लागलीय."

"मग एकदा त्या जिभेचा फोटो काढा!"

तो मनापासून हसला. राग धरून ठेवणं महानंदाला जरा जडच गेलं. आईच्या चपला उचलून ती निघाली, पण दारात एकदा मागं वळून पाहिलंच… तोही पाहत होता.

गोष्ट अशी होती. थोरला भाऊ शिवशरण शिकागोला इंजिनिअर. वहिनीला दिवस गेलेले, आणि कमलम्मांना बाळंतपणासाठी वर्षभर तिकडं जायचं होतं. पण तिथं साधं आजारपण आलं तरी दवाखान्यापायी घरदार विकायची पाळी. म्हणून शिवशरणनं बजावलं होतं, आधी अव्वाचा, म्हणजे आईचा, आजारपणाचा विमा, मगच विमान. आणि तिकडची विमा कंपनी छातीचा फोटो पाहिल्याशिवाय पाहुण्या आईची हमी घ्यायला तयार नव्हती.

यात महानंदाचंही एक दुखणं होतं. अव्वा शिकागोला गेली की तिला वैरागला मामाकडं राहावं लागणार होतं, आणि मामानं तिथं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. पेंडीचा व्यापारी. म्हणजे अव्वाची वाट मोकळी करायची, की स्वतःची बंद झालीच! तरीही ती मागं सरली नाही. सहा वर्षं लेकराचं तोंड न पाहिलेल्या आईला अडवायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा पूजेला बसली. नेहमीसारखं इष्टलिंग डबीतून काढलं, डाव्या तळहातावर घेतलं, बेल वाहिला. महानंदा बघतच राहिली.

"अव्वा, हे गळ्यातनं काढलंस की!"

"काढलं कुटं? तळहातावर हाय की. हात काय अंगाभायेर असतोय व्हय गं?"

महानंदानं आईला उठवलं ते थेट दवाखान्यात नेलं.

"तळहातावर धरलं तर चालेल का, डॉक्टर?"

"हात फोटोत आले नाहीत म्हणजे झालं," तो विचार करत म्हणाला, आणि एकदम खुलला. "येणारच नाहीत! छातीच्या फोटोला हात कमरेवर ठेवायचे असतात. असे बघा…" आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तो स्वतःच उभा राहिला.

महानंदाला हसू आवरेना. "अव्वा, तुला विठोबासारखं उभं राहायचंय!"

"मग बिघडलं काय?" कमलम्मा म्हणाल्या. "हरी आन् हर काय भांडल्यात काय?"

डाव्या मुठीत महादेव, उभं राहणं पांडुरंगाचं. असं दर्शन कुणाला घडतं! डॉक्टर बटणापाशी गेला.

"श्वास घ्या… धरा…"

यंत्र गुणगुणलं, थांबलं. पण पुढचा शब्द काही येईना. डॉक्टरची नजर कोपऱ्यात उभ्या महानंदावर खिळली होती.

"आरं, सोडू का न्हाय?" कमलम्मा कशाबशा बोलल्या.

"सोडा, सोडा!" तो दचकला. महानंदाचे कान लाल झाले.

फोटो स्वच्छ निघाला. तो आणून द्यायला डॉक्टर सोमवारी सिद्धरामेश्वराच्या देवळात आला, कारण सोमवारी या मायलेकी कीर्तनाला असतात हे त्यानं विचारून घेतलं होतं. पुढच्या सोमवारीही आला. काही द्यायचं नसतानाही आला. तळ्यावरून गार वारा यायचा, मृदंग घुमायचा, आणि पुरुषांच्या बाजूनं एक नजर बायकांच्या बाजूला येऊन अलगद परत जायची.

"कीर्तनातलं काही कळतं का?" एकदा तिनं विचारलंच.

"पूर्वरंग कळला. उत्तररंगात तुम्ही अव्वांना पाणी आणायला उठलात… मग काय कळणार?"

"म्हणजे बुवांचं चुकलं तर!"

आषाढ सरता सरता शिकागोहून कळलं. कंपनीनं विमा मंजूर केला, तिकीटही निघालं. त्या सोमवारी महानंदानं त्याला तळ्याच्या पायरीवर गाठलं.

"अव्वा महिन्याभरात जाते. मामा मला वैरागला न्यायला येणार आहे. तिथं एक स्थळ आहे."

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून तळ्यात टाकला.

"काहीतरी बोला की."

"मी… म्हणजे… तुमची हरकत नसेल तर… अव्वांना विचारू का?"

"अव्वाला मी कधीच विचारलंय," महानंदा शांतपणे म्हणाली. "मामालाही तिनं ते स्थळ नको म्हणून सांगून टाकलंय. जायच्या आधी अक्षता टाकायच्या म्हणते. एक तुमचंच तेवढं राहिलंय."

त्यानं मान वर केली. पुण्यात शिकून आलेला, तोलून मापून बोलणारा डॉक्टर. पण ऐनवेळी त्याच्या तोंडून बाहेर पडली ती त्याच्या गावची, मोडनिंबची मातीच.

"व्हय," तो म्हणाला. "व्हय की!"

"मग चला लवकर," महानंदा पायऱ्या चढायला लागली. "मघापासून नारळ मांडीवर घेऊन बसलीय ती."