दुर्वाची सर्दी

बोरन्हाणाला आलेलं पोर आधी दारातल्या श्वासपट्टीवर फुंकर मारतं आणि मग चपला काढतं, याचं मिरजेतल्या त्या सोसायटीत आता कुणाला नवल वाटत नसे. पट्टी श्वासातला विषाणू ओळखायची. हिरवी झाली तर आत या, पिवळी झाली तर आल्या पावली परत. गेल्या संक्रांतीला समोरच्या हर्षलाची दुर्वा नवा फ्रॉक घालून सोसायटीतल्या एका बोरन्हाणाला नटून आली, पट्टी पिवळी झाली, आणि डॉ. वैजयंती पाठारेंनी तिला स्वतः तिच्या दारात नेऊन सोडलं.

आज त्याच वैजयंतीबाई आपल्या दारातल्या पट्टीचे स्क्रू काढत होत्या.

"आई, हे काय चाललंय?" सून गिरिजा बाहेर आली. कडेवर नऊ महिन्यांचा निषाद, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. साथीमुळे यंदा कुणालाच बोलावलं नव्हतं.

"दुर्वाला बोलवायला निघालेय."

"तिला तर सर्दी झालीय!"

"म्हणूनच."

तान्ह्यांच्या नाकात घालायचे 'पहिल्या सर्दीचे थेंब' हे वैजयंतीबाईंचंच संशोधन. बाळाला कुठला विषाणू आधी गाठतो, यावर त्याचं शरीर पुढे कसं लढणार हे बरंचसं ठरतं. एखादा विषाणू शरीराला सावध करतो, एखादा दम्याची खोड लावून जातो. मग ही पहिली ओळख आपणच निवडलेल्या, दुबळ्या केलेल्या विषाणूशी का करून देऊ नये? काही वर्षं सगळं छान चाललं. बालदमा घटला, बाईंचे सत्कार झाले. थेंब न घेतलेल्या पोरांना लोक 'रानसर्दीवाली' म्हणून वाळीत टाकू लागले, तेव्हा बाईंनी कुणाला अडवलं नाही. दुर्वा त्या पोरांतलीच.

या हिवाळ्यात थेंबांतल्या विषाणूचा एक नवा भाऊबंद आला. थेंबवाल्या मुलांची शरीरं जिवाच्या आकांताने लढत होती, पण त्यांच्या रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं जुन्या ओळखीच्या विषाणूसाठीच होती. नव्याला ती धरतच नव्हती. रानसर्दीवाल्यांनी नाना विषाणू पचवलेले. त्यांच्या नाकातल्या पेशी पहिल्याच दिवशी धोक्याची हाक द्यायच्या आणि दुखणं तिथेच आटपायचं. काल वॉर्डातली आणखी एक खाट रिकामी झाली होती. ते गेलेलं पोरही थेंबवालंच होतं.

निषाद अपुऱ्या दिवसांचा, म्हणून त्याचे थेंब लांबले होते. त्याची पाटी अजून कोरी होती.

"आणि त्या सर्दीनंच याला धाप लागली तर?" गिरिजानं विचारलं.

"लागू शकते. पण दुर्वाचं नाक चार दिवस गळतंय, म्हणजे ती साथीची नव्हे, साधी सर्दी. ती होऊन गेली, तर नाक काही आठवडे जागं राहतं. तोवर साथ ओसरेल. खात्री नाही देत मी, गिरिजा. थेंबांच्या वेळी दिली होती."

गिरिजानं बाळाला घट्ट धरलं. मग म्हणाली, "बोलवा."

हर्षलानं दार अर्धंच उघडलं. "वर्षभर माझ्या लेकीला कुणी जिन्यात खेळू दिलं नाही. आता तिचं नाक गळतंय, तर आमंत्रण? औषध झाली का हो ती?"

बाईंची मान शरमेनं खाली गेली. "हो. तू नाही म्हणालीस तरी मी काही बोलणार नाही."

हर्षलानं दार पूर्ण उघडलं. मग आत वळून तिनं हाक मारली, "दुर्वा, फ्रॉक घाल."

गेल्या वर्षीचा फ्रॉक आता आखूड झाला होता. दुर्वा उंबऱ्याशी थांबली, पट्टी दिसली नाही तरी सवयीनं भिंतीवरच्या भोकांवर तिनं फुंकर मारली.

"पिवळी झाली का, आजी? मी इथूनच बघते."

"नाही गं. ये, बाळाच्या जवळ बस."

निषादच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे ओघळले. तो खिदळला, दुर्वाही हसली, दोन्ही हातांनी बोरं गोळा करू लागली, आणि अगदी त्याच्या तोंडासमोर शिंकली. पटकन नाक झाकून ती मागे सरकली.

"आजी, बाळाला काही झालं, तर तुम्ही मला रागावणार नाही ना?"

बाईंनी तिला जवळ ओढलं. गिरिजा समोरून त्यांच्याकडेच पाहत होती. बाळाला काही झालं तर काय, हे तिलाही विचारायचं होतं.