तीन वाजून दहा मिनिटांनी लागणारे दिवे

"आता लागेल बघ," ऊर्मी दबक्या आवाजात म्हणाली.

मे महिन्याची दुपार. चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागातली ती सगळी इमारत झोपली होती. ऊर्मी, तिचा धाकटा भाऊ अनय आणि खालच्या मजल्यावरचा श्रीहरी मोबाइलवर वाकून बसले होते. पडद्यावर ऊर्मीचं घर होतं. एकेक वीट रचत दोन वर्षं खपून तिनं ते गेममध्ये बांधलं होतं. आज मात्र श्रीहरीच्या खात्यावरून तिघं तिथे पाहुणे म्हणून शिरले होते.

तीन वाजून दहा मिनिटं झाली. घराचं दार उघडलं. ऊर्मीची गेममधली बाहुली आपली आपण बाहेर आली, अंगणात थबकली, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा लागला.

"ताई, हा सातवा," अनय कुजबुजला.

दर दिव्यामागे बाबांच्या कार्डातून ऐंशी रुपये जात होते. बाबांनी गेमच्या कंपनीकडे पैसे परत मागितले, तर उत्तर आलं, 'खरेदी तुमच्याच नोंदवलेल्या उपकरणावरून झाली आहे.'

"म्हणजे तूच," बाबा म्हणाले होते. "सोमवारी मी बँकेत तक्रार करतो."

"बँकेनं पैसे परत ओढले की कंपनी खातं बंद करते, बाबा. माझं घर पुसलं जाईल."

"मग खरं काय ते सांग."

ते वाक्य ऊर्मीला फार लागलं होतं.

"दिवे लावणाऱ्यालाच विचारू," श्रीहरी म्हणाला. ऊर्मीनं आपल्या खात्यातून अंगणात बोर्ड उभा केला आणि श्रीहरीनं सांगितलं तसं त्यावर तमिळमध्ये लिहिलं : तू कोण? कुठे आहेस?

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बाहुली बाहेर आली. बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली. मग सावकाश वळून तिनं तिघांकडे पाहिलं. अनयनं ताईचा हात घट्ट धरला.

बाहुली बांधायला लागली. एक वीट, मग खूप वेळ काही नाही, मग दुसरी. अर्ध्या तासानं एक निळी पेटी तयार झाली. तिच्यात तीन नारिंगी ठिपके आणि तळाशी एक काळा.

"वाचता येत नाही वाटतं त्याला," श्रीहरी पुटपुटला.

ऊर्मी मात्र ताडकन उठली. "मासे आहेत ते. बाबा खांद्याच्या व्यायामासाठी जायचे ना, त्या दवाखान्यातली टाकी. आणि आपला जुना टॅब बाबांनी तिथेच दिलाय, मुलांना खेळायला."

आईला सांगून तिघं दोन गल्ल्या ओलांडून पळाले. दवाखान्यात माशांच्या टाकीजवळ सहाएक वर्षांची मुलगी बसली होती. अपघातात आखडलेल्या उजव्या हाताच्या एका बोटानं ती टॅबवर हळूहळू टिचक्या मारत होती. तिचं नाव शरण्या. सोबत तिची आजी अलमेलू होती; ती शरण्याला रोज तीन वाजता हाताच्या व्यायामासाठी आणायची.

श्रीहरीनं तमिळमध्ये विचारलं आणि ऊर्मीला सांगितलं, "ती म्हणते, या घरात कुणीच राहत नाही. अंधार होता म्हणून तिनं दिवे लावले. आणि आज तो बोर्ड आपोआप आलेला दिसला, तेव्हा तिला फार भीती वाटली."

ऊर्मी तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे या मुलीसाठी भूत ऊर्मीच होती.

पैशांचं कळताच आजीनं पिशवीत हात घातला. ऊर्मीनं तो हलकेच धरला. "नको, पाटी," ती तमिळमध्ये आजी म्हणतात तसं म्हणाली. "चूक आमच्या घरची आहे." मग टॅबवर दिसणारं बाबांचं नाव आणि साठवलेलं कार्ड यांचा तिनं फोटो काढला.

संध्याकाळी बाबांनी तो फोटो दोनदा पाहिला. बँकेचा अर्ज भरून तयार होता. 'ही खरेदी अनोळखी व्यक्तीने फसवून केली' या ओळीखाली सही करायची होती. त्यांनी अर्ज फाडला.

"कंपनीला पत्र तूच लिही," ते म्हणाले.

ऊर्मीनं जसं घडलं तसं लिहिलं. टॅब दिला, कार्ड काढायचं राहिलं, लहान मुलीला पैसे जातात हे ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पाच दिव्यांचे पैसे परत मिळणार होते. आधीच्या दोन दिव्यांची मुदत उलटून गेली होती. खातं चालू राहणार होतं.

"आयकर कार्यालयात मी रोज अर्ज वाचतो," बाबा म्हणाले. "इतका सरळ अर्ज क्वचित बघायला मिळतो. ऊर्मी, मी तुला नीट विचारलंच नाही गं. नुसतं ठरवून मोकळा झालो."

त्या दुपारी ते स्वतः मुलांबरोबर दवाखान्यात गेले. शरण्याचं वेगळं खातं उघडलं, आपलं कार्ड टॅबवरून काढलं. "झालं बघ," ते म्हणाले.

ऊर्मीनं टॅब त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः एकदा तपासला. तिचं होईपर्यंत बाबा थांबले.