पाचव्या घराचा कागद

दुपारी मी किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलो होतो, तेवढ्यात बेट्रा कागदांचं बाड घेऊन आली. राजधानीतली शिकलेली पोरगी. बेटावर कोण काय खातं ते लिहून घ्यायला सरकारने पाठवलेली.

माझ्या लहानपणी आमच्यावर अणुबॉम्बची राख पडली. मातीत विष भिनलं म्हणून आम्हाला उचलून नेलं, आणि आता म्हातारपणी चार घरं परत आणून वसवली. वाद उरला एकच: माती किती खरवडायची? आम्ही दुकानातलं खात असू तर घरांभोवतीची वीतभर माती काढायची, वर पांढरी खडी टाकायची, झालं काम. इथलंच खात असू तर बागांसकट अख्खं बेट साफ करायचं. खरवडायची हद्द म्हणे आमच्या ताटावरून ठरणार.

आणि इथेच आमच्या शहाण्यांनी घोटाळा केला. पाहुणी आली म्हणून माझ्या घरच्यांसकट चारही घरांनी तिला भात आणि डब्यातलं मांस वाढलं. उकडलेला नीरफणस पुढे ठेवायची लाज. ती विचारते, "रोज काय खाता?" हे मान ताठ करून सांगतात, "हेच."

खरं सांगा म्हणून ओरडून माझा घसा बसला. उद्याच्या जहाजाने माझी मुलगी अलमीरा कायमची राहायला येत होती, माझ्या चार वर्षांच्या नातीला, टारिनाला घेऊन. पोरं झाडाखालचं उचलतात नि तोंडात घालतात. त्यांना कोण डबे उघडून देत बसणार?

"झालं का सगळं खोटं लिहून?" मी विचारलं.

"चिडू नका आजोबा. पाचव्या घराने खरं सांगितलं."

"घरं चार आहेत."

"पलीकडच्या टोकाला आहे ना एक. म्हाताऱ्या बाई आहेत... डाव्या हाताला तीनच बोटं. म्हणाल्या, जन्मभर इथलंच खाल्लं."

माझ्या हातातली सुई थांबली. लिजेरॉन. माझी थोरली बहीण. बंदी असताना एकटी इथे परत आली आणि गळ्याला गाठी येऊन गेली. नऊ वर्षं झाली. मी स्वतः येऊन पुरलं तिला.

"तुला काय वाढलं तिने?"

"काहीच नाही. म्हणाल्या... तू खाऊ नकोस."

कागद मी तिच्या हातातून ओढला. मला वाचता येत नाही, नावं तेवढी ओळखतो. घरातली माणसं दोन. बहिणीच्या नावाखाली दुसरं नाव टारिनाचं होतं.

"वय किती लिहिलंयस हिचं?"

"सहा. मी दोनदा विचारलं. त्या सहाच म्हणाल्या."

मी तसाच टोकापर्यंत चालत गेलो. तिथली माती कुणी कधी खरवडली नाही. वारा पडला होता, पक्षी गप्प होते. तिच्या घराचे फक्त कुजलेले खुंट. पण त्यांच्यापुढे ताजी खडी अंथरलेली, समुद्राच्या पाण्याने अजून ओली. केवड्याच्या शिजलेल्या फळाचा गोड वास येत होता... आणि खडीवर त्याच्याच चोखून टाकलेल्या फोडी, लाळेने चकाकणाऱ्या.

"ताई, बोलायचंच होतं तर त्या चार मूर्खांच्या घरी जाऊन बोलायचंस," मी म्हणालो.

परत येऊन जहाजाला रेडिओ लावला, अलमीराला बोलावून घेतलं.

"उतरू नकोस. त्याच जहाजाने माघारी जा."

"बाबा, तिकडची खोली सोडून आलोय आम्ही. आता कुठे जाऊ? आणि जहाजावरचे सरकारी साहेब म्हणतात, हद्द ठरली, घराभोवती साफ केलं की पुरे."

"कागद पुरे व्हायच्या आधीच ठरली?"

"मला काय माहीत? तुम्ही नेहमी भांडतच असता."

मी खिशात हात घालून खडीवरून उचललेली फोड चाचपली.

"टारिनाचे... पुढचे दात पडलेत का गं?"

ती हसली. "चार वर्षांची आहे ती, बाबा. इतक्यात कसे पडतील?"

खिशातली फोड मी बाहेर काढली. लहान दातांचे ठसे होते तिच्यावर. मधल्या दोन दातांची जागा कोरी होती.