जाड तारेचे ठिपके

"आत्या, आधी इकडे या! पाचशे प्रती छापून बसलोय आणि पुस्तक चुकलंय!"

मालकांची हाक ऐकून छापखान्याच्या मुद्रितशोधक आत्या चष्मा पुसतच धावल्या. टेबलावर गिटार शिकवणाऱ्या सरांचं पुस्तक उघडं होतं. स्वरलिपी बिनचूक, पण तिच्यावरच्या कॉर्डच्या, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या, आकृत्यांत बोटांचे ठिपके भलतीकडेच. लिहिलंय एक, वाजतंय दुसरंच.

संगणकावर पुस्तकाची पानं जुळवणारी मुलगी तासभर रडत उभी होती. "उद्यापासून येऊ नकोस," मालकांनी तिला सांगूनही टाकलं होतं. कोपऱ्यात सर गिटार मांडीवर घेऊन गप्प बसले होते.

आत्यांनी दहा पानं चाळली. अगं बाई! सगळ्या चुका फक्त सगळ्यात जाड तारेवर, आणि दर वेळी गिटारच्या दांडीवरची बरोबर दोन घरं पुढे. निष्काळजीपणा इतका शिस्तीत वागतो होय?

"आकृत्या हाताने काढतेस?"

"नाही आत्या. कोणती तार कोणत्या सुरात लावलीय ते एकदा भरायचं. मग सॉफ्टवेअरच काढतं."

"शेवटचं प्रूफ कोणी पाहिलं?"

"सरांनी. माझ्याच मशीनवर. मी जेवायला गेले होते."

"नुसतं पाहिलं," सर पुटपुटले.

"सर, जरा वाजवून दाखवता?"

"आज नको."

आत्यांनी वाकून त्यांच्या गिटारची जाड तार छेडली. सूर चांगलाच खाली गेलेला. सरांनी झटकन तारेवर हात ठेवला.

"मालक, पोरीचा काही दोष नाही," आत्या म्हणाल्या. "फाइलमध्ये कोणीतरी जाड तारेचा सूर दोन घरं खाली उतरवला. मग तोच सूर मिळावा म्हणून सॉफ्टवेअरने तिच्यावरचे ठिपके दोन घरं पुढे सरकवले. स्वरलिपी होती तशीच राहिली. तीस वर्षं ही पुस्तकं तपासतेय मी. तार अशी उतरवली की जाड तारांवरची कॉर्ड एका बोटाने दाबता येते. सर, डावा हात दाखवा."

सरांनी हात पुढे केला. दोन बोटं वळतच नव्हती.

"वर्ष झालं. कळलं असतं तर शिकायला कोण आलं असतं? तार उतरवली तर माझ्या हाताला काय जमेल, ते त्या मशीनवर बघत होतो. तार परत चढवायला विसरलो. आज चूक दिसली, पण तोंड उघडवेना."

आत्यांना त्यांची कीव आली आणि रागही आला.

"उद्या ये गं," मालक ओशाळून म्हणाले.

मुलीने तिकडे पाहिलंही नाही. "सर, मी तासभर तुमच्यासमोर रडत होते. आणि तुम्ही बघत बसलात."