फारच गोल वर्तुळ

फिटरचं प्रेत खड्ड्यात सापडलं, तेव्हा त्याचं लाल कुलूप मात्र फळ्यावर जिथल्या तिथे टांगलेलं होतं. किल्लीसकट.

वायूच्या विहिरीवर काम करणाऱ्यांचा एक कडक नियम असतो. नळाच्या लाइनवर काम करायचं तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ते कुलूप दुसऱ्या कुणी उघडायचं नाही, मग तो मालक का असेना. काम संपलं की ज्याचं त्याने काढून किल्लीसकट फळ्यावर लावायचं.

म्हणजे फळा काय सांगत होता? फिटरने काम संपवलं, व्हॉल्व्ह आपल्याच हाताने उघडला आणि आपल्याच हाताने मेला.

"सरळ केस आहे," दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले. "खड्ड्यातला निचऱ्याचा नळ उघडा राहिला होता. गडी विसरला, व्हॉल्व्ह उघडला, मग आठवण झाली म्हणून खाली उतरला. खड्ड्यात वायू भरलेला. संपलं." त्यांनी टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात 'मृताचा निष्काळजीपणा' असं लिहून तयार होतं. फक्त सही बाकी होती.

समोर सुरक्षा खात्याच्या निरीक्षक बाई बसल्या होत्या. खात्यात त्यांना पाठीमागे 'जळू' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

टेबलावर उद्घाटनाची रेशमी फीत गुंडाळून ठेवली होती. शेजारी कात्री.

"हे काय?"

"समारंभ काल होता, आज चारला ठेवलाय. पाहुणे किती वेळा परत पाठवायचे?"

माणूस जाऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि याचा जीव फितीत अडकला होता. त्यांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

"लाइनच्या चाचणीचा कागद दाखवा."

नव्या लाइनमध्ये वायू सोडण्याआधी तिच्यात पाणी भरून दाब चढवतात आणि चोवीस तास तसाच धरून ठेवतात. शाईची एक सुई गोल कागदावर तो दाब रेखत फिरते. मॅनेजरांनी कागद काढला. कंपासने काढावं तसं सुबक वर्तुळ. खाली फोरमनची एकट्याची सही.

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या.

"आमचा फोरमन कामाला चोख. मेलेल्या फिटरचा सख्खा मेव्हणा, पण नात्यासाठी कधी ढिलाई नाही."

बाई उन्हात बाहेर पडल्या. विहिरीपासून संकलन केंद्रापर्यंत लाइन उघड्या माळावरून, लोखंडी टेकूंवरून गेली होती. त्यांनी सवयीने नळावर हात ठेवला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

व्हॉल्व्हपासून दहा पावलांवर खड्डा होता. शिडी अजून लावलेली होती आणि तिचं टोक कमरेइतकं वर आलेलं होतं. खाली निचऱ्याच्या नळाखाली बादली होती. बाई वायू मोजायचं यंत्र घेऊन, हवा तपासून उतरल्या. बादलीत वेल्डिंगचा चुरा होता. कोरडा ठणठणीत. पाण्याचा डागसुद्धा नाही.

विहिरीच्या तोंडाशी दाबाची नोंद करणारं वेगळं यंत्र होतं. त्यावर कालची रेघ सकाळी सात दहाला लाइन उघडल्याचं आणि सात चौदाला बंद झाल्याचं दाखवत होती. बाईंनी घड्याळाशी ताडून पाहिलं. यंत्राची वेळ बरोबर होती.

मग त्यांनी फळ्यावरचं कुलूप हातात घेतलं. आत अडकवलेल्या किल्लीवर दोनचा आकडा कोरलेला होता.

फोरमन मागे येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, डोळे रडून सुजलेले. अंगातल्या डगल्याची चेन तो सारखी खालीवर करत होता.

"प्रेत कुणी पाहिलं?"

"मीच. सात चाळीसला. पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि भोंगा दिला."

"त्याआधी कुठे होतात?"

"सहापासून स्टोअरमध्ये. एक मिनिट हललो नाही, बाई."

"भावोजींचं कुणाशी वाजलं होतं?"

"छे! देवमाणूस. पण विसराळू हो. ताईला किती समजावलं, आता कुणाला दोष देऊन काय उपयोग."

"कुलपाची दुसरी किल्ली कुठे ठेवतात?"

"साहेबांच्या पेटीत. पण भावोजी ती घरी नेत. नियम मोडून." त्याने मान खाली घातली. "मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

बोलून झालं होतं की! बाईंनी वही मिटली.

फिटरचं घर कामगारांच्या चाळवजा वसाहतीत, दोन खोल्यांचं. बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने बाईंना बसायला सांगितलं नाही.

"सही करायला आलात?"

"विचारायला आलेय."

"मग लिहून घ्या. माझा नवरा दाराला कडी लावली की तीनदा ओढून बघायचा. तो कुलूप विसरेल? त्याने वीस वर्षं नाव राखलं आणि तुम्ही एका ओळीत धुळीला मिळवणार. माझ्या पोरींनी शाळेत काय ऐकायचं? बाप स्वतःच्या वेंधळेपणानं मेला?"

बाईंनी इस्पितळातून आलेली कपड्यांची पिशवी मागितली. बायकोने पँट उलटी केली. कमरेच्या आतून तिने स्वतः शिवून दिलेला चोरखिसा होता. किल्ली हरवू नये म्हणून त्याने त्याचं तोंडही टाचून घेतलं होतं. टाके उसवले तेव्हा किल्ली बाहेर पडली. तिच्यावर एकचा आकडा होता.

"परवा घरी आले तेच तणतणत," बायको सांगू लागली. "म्हणाले, कुलूप घालून आलोय, चाचणी परत घेतल्याशिवाय काढणार नाही. पाणी भरलंच नव्हतं, असा त्यांना संशय. उद्या निचरा उघडून बघतो म्हणाले."

"हे भावाला सांगितलंत?"

"तो जेवायला इथेच होता. त्याच्यासमोरच बोलले. तो हसला नुसता."

"आणि दुसरी किल्ली?"

"शिवणाच्या डब्यात. साहेबांच्या पेटीत कुणीही हात घालतं म्हणून." तिने डबा उघडला, रिळं काढली, सुया काढल्या, शेवटी डबा उपडा केला. किल्ली नव्हती.

"हा डबा कुणी उघडला होता?"

"कुणी नाही. काल सकाळी हे कामावर गेल्यावर भाऊ आला होता तेवढा. साडेसहाला. डगल्याचं बटण लावायचं होतं म्हणाला. मी चहा ठेवला तोवर तो..."

ती बोलता बोलता थांबली. तिला जे दिसलं ते दाखवून देण्याची गरजच नव्हती.

तीन वाजता मॅनेजरांच्या खोलीत बाईंसमोर चौघं होते: मॅनेजर, फोरमन, फिटरची बायको आणि दाराशी एक पोलीस. बाईंनी चाचणीचा गोल कागद टेबलावर ठेवला.

"हे वर्तुळ फारच गोल आहे," त्या म्हणाल्या. "ती लाइन सकाळी हात भाजते आणि पहाटे गार पडते. बंद नळातलं पाणी उन्हात फुगतं, दाब चढतो. गारव्यात उतरतो. उघड्या माळावर चोवीस तासांत सुई अशी सरळ फिरूच शकत नाही. ही रेघ सावलीत ठेवलेल्या नळाच्या कुठल्या तरी तुकड्याची आहे. स्टोअरमधल्या, म्हणा ना."

फोरमनचा हात चेनीवर थांबला.

"फिटरला ते कळलं. पाणी भरलं असतं तर निचऱ्यातून थोडं तरी आलं असतं. म्हणून परवा त्याने व्हॉल्व्हला कुलूप घातलं आणि काल सकाळी तो बादली घेऊन उतरला. बादली कोरडी निघाली. तेवढ्यात वरून कुणीतरी वायू सोडला. सात दहाला. एकदा लाइन चालू झाली, समारंभ झाला, की चाचणीचं कोण विचारतो?"

"पण कुलूप तर त्यानेच..." मॅनेजर चाचरले.

"त्याची किल्ली त्याच्या चोरखिशात, टाक्यांच्या आत होती. फळ्यावरच्या कुलपात दुसरी आहे. ती घरच्या डब्यातून आली." बाई फोरमनकडे वळल्या. "सहापासून स्टोअरमध्ये होतात ना? मग साडेसहाला ताईकडे चहा कोण प्यायलं? आणि या चेनीच्या डगल्याला बटण कुठे लावायचं होतं?"

"मला ठाऊक नव्हतं ते खाली आहेत!" फोरमन ओरडला. "आईशपथ! मी वाकून बघितलंच नाही!"

"दहा पावलांवर शिडी उभी होती. पण तेही मानते. मग सात चौदाला व्हॉल्व्ह कुणी बंद केला? खड्ड्यातल्या माणसाने? तुम्हाला वायूचा फुत्कार ऐकू आला, तुम्ही पाहिलंत, बंद केलंत. तिथपर्यंत तो अपघात होता. पण भोंगा वाजला सात चाळीसला."

बाईंनी फळ्यावरचं कुलूप टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर म्हणतात, पाच-सात मिनिटांत बाहेर काढलं असतं तर जगला असता. तुम्ही आधी कुलूप फळ्यावर लावून आलात. नियमाप्रमाणे, किल्लीसकट. मग सव्वीस मिनिटं वाट पाहिलीत. कसली, ते माझ्या तोंडून वदवू नका, मला ओकारी येते."

फोरमन ढसाढसा रडू लागला. मॅनेजरांनी घसा साफ केला.

"भयंकर आहे. पण तांत्रिकदृष्ट्या... समारंभ चारलाच ठेवता येईल का? फोरमन दुसरा देतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी पुष्कळ घाण पाहिली होती, पण अशी इस्त्री केलेली क्वचितच.

"विहीर बंद. लाइन बंद. चाचणीच्या कागदाकडे न बघता ती स्वीकारल्याबद्दल दोषींच्या यादीत तुमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर." त्यांनी टाइप केलेला अहवाल टरकावला आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं: "मृत फिटरने प्रत्येक नियम पाळला होता."

बायकोने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने ती उठून भावासमोर जाऊन उभी राहिली.

"ताई..."

"काल रात्री माझ्या पोरींना मांडीवर घेऊन म्हणालास, तुमचे बाबा विसराळू होते," ती म्हणाली. "आता घरी चल. त्यांना खरं सांग. आपल्या आईलाही सांग. तुझ्या तोंडाने."

इतका वेळ ढसाढसा रडणारा तो माणूस क्षणात गप्प झाला. त्याने पोलिसाकडे पाहिलं आणि स्वतःहून दोन्ही हात पुढे केले.

"मला चौकीवर न्या," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता न्या."

पोलिसाने बाईंकडे पाहिलं.

"आधी घरी," बाई म्हणाल्या.